पायरीजवळचा पाट

मी अजून सुईत दोरा ओवते. एका फटक्यात ओवते, आणि मग उठून दोन पावलं टाकली की पाय बादलीत घालते. लोकांना हेच पटत नाही. "सुई दिसती आन् बादली दिसत न्हाय व्हय गं?" असं माझी सख्खी भावजय भर कार्यात चारचौघींत बोलली होती. तिला काय सांगणार, कपाळ? काचबिंदूनं माझी नजर कडेकडेनं खाल्ली. समोरचं वाटीएवढं उरलंय, तेवढं मात्र लख्ख दिसतं. त्या वाटीत सुई मावते. बादली, पायरी, वाटेत आडवं पसरलेलं कुत्रं, हे सगळं वाटीच्या बाहेर राहतं. स्वतःची पावलं बघायची तर मला मान पार खाली घालावी लागते, आणि मान खाली घातली की समोरचं दार कपाळावर येतं.

कळलं कसं, तर कामातच कळलं. सोलापुरात नव्या पेठेमागच्या एका कारखान्यात मी शाळेच्या युनिफॉर्मचं कटिंग करायचे. थरावर थर कापड अंथरायचं, खडूनं आखायचं, कापायचं. माझा हात सरळ होता, मालकसुद्धा मोजून बघायचे नाहीत. एकदा कापडाच्या डाव्या कडेला तेलाचा हातभर डाग होता. पोरींनी लांबून ओळखला असता असा डाग, तो मला दिसलाच नाही. अख्खा गठ्ठा डागासकट शिलाईला गेला. मालक काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागून कुणीतरी कापड तपासून जायला लागलं. मला असला संताप आला! मी तरातरा डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले, म्हटलं लिहून द्या की माझे डोळे ठणठणीत आहेत. त्यांनी तासभर तपासलं आणि म्हणाले, "गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली सांभाळायची. थेंब चुकवायचे नाहीत, आणि पायऱ्या जपून उतरायच्या." मी हो हो म्हटलं आणि त्यांच्याच दवाखान्याच्या पायरीवरून घसरले. कंपाउंडरनं दंडाला धरलं म्हणून वाचले.

तेव्हापासून पडण्याची धास्ती माझ्या मागं लागली ती लागलीच. बसले तरी पाय हलतो, झोपले तरी पायाची बोटं काहीतरी चाचपत असतात.

पहिलं मोठं पडणं नव्या पेठेत झालं. साड्यांच्या दुकानासमोर मागून रिक्षानं हॉर्न मारला, मी बाजूला झाले, आणि बाजूला दुकानाची पायरी होती. सरळ तोंडावर. ओठ फाटला, बांगड्या फुटल्या, चपला कुठल्या कुठं. बाया धावल्या, कुणी पाणी दिलं, कुणी "चक्कर आली का मावशी" म्हणून कपाळावर हात ठेवला. नको नको म्हणत होते तरी कारखान्यातल्या एका ओळखीच्या शिंप्यानं माझ्या मुलाला पुण्याला फोन लावला.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हजर. माझा सुजलेला ओठ बघितला आणि ओरडला नाही. तो ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. तो खुर्ची ओढून समोर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, आणखी एकदा पडलीस की या खोलीला कुलूप. पुण्याला यायचं. मी विचारत नाहीये, सांगतोय."

मला पुणं नको होतं. कारण पुण्याला मी राहून आले होते, दोन आठवडे. वाईट वागवलं म्हणाल तर अजिबात नाही. सून लाख चांगली. पण त्या फ्लॅटमध्ये पांढरी फरशी, पांढऱ्या भिंती, मधे काचेचं दार. जमीन कुठं संपते आणि भिंत कुठं सुरू होते तेच कळेना. उठले की सून म्हणायची, "बसा आई, मी आणते." पाणी आणते, चादर आणते, रिमोट आणते. पंधरा दिवसांत मी एक कप विसळला नाही. पडले नाही, खरंय. सोफ्यावर बसलेलं माणूस पडणार कुठं? परत येताना लिफ्टमध्येच मला रडू फुटलं, आणि सुनेला वाटलं तिला सोडून जायचं म्हणून रडतेय.

सोलापूरची ही माझी खोली म्हणजे बैठ्या चाळीतल्या दोन खणांची. बाहेरची खोली, मग एक पायरी खाली स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी. चाळ बांधणाऱ्यानं ती पायरी कशासाठी ठेवली ते त्यालाच ठाऊक. दारापासून कॉटपर्यंत चार पावलं, कॉटपासून पायरीपर्यंत सात, पायरीपासून ओट्यापर्यंत तीन. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. तांब्या इथं म्हणजे इथंच. इथं मी कुणाची मिंधी नाही.

फक्त एक दिवस सोडून. आमच्याकडे दाराबाहेरच्या खड्ड्यातल्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घर घर राहत नाही. गल्लीभर हिरव्या पायपांचं जाळं, दारात घागरी, कळशा, पिंपं, ज्याला जे मिळेल ते. माझं पाणी शेजारची अक्का भरते. पिंप पायपानं, आणि प्यायचं पाणी घागरीनं, कारण पायपाच्या पाण्याला वास येतो असं तिचं म्हणणं. मी कॉटवर पाय वर घेऊन बसायचं, असा आमचा करार. भरून झालं, पायप गुंडाळले, फरशी पुसली की ती तिच्या तेलुगूत ओरडणार, "अयिपोयिंदी!" संपलं, म्हणजे आता मी पाय खाली टाकायला मोकळी.

अक्का माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं, तोंड चालू आणि हात त्याहून चालू. तिची आणि माझी भिंत एकच. बाई सोन्यासारखी, पण एक खोड भारी वाईट. सारखं काहीतरी मागायला येणार. भर कामाच्या वेळी दारात वाटी घेऊन उभी. "वैनी, विरजण हाय का?" दह्याला लागणारं चमचाभर विरजण या बाईच्या घरी कधी टिकतच नव्हतं. कधी काडेपेटी, कधी दोन मिरच्या. मला असला राग यायचा! घरात सून आहे, पोरगा कमावता आहे, आणि हिला काडेपेटी नाही?

तर मुलानं दम दिला, आणि त्यानंतर महिन्याच्या आत मी पायरीवरून पडले. सकाळी चहाचा कप घेऊन ओट्याकडून वर येत होते, पावलं मोजायची ती मोजली नाहीत. कारण काय, तर रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. कप फुटला, गुडघा सुजला. तशीच फरशीवर बसून काचा वेचल्या. गुडघ्यापेक्षा डोक्यात एकच, की हे पुण्याला कळता कामा नये. आणि तेवढ्यात दारात अक्का. "विरजण हाय का?" मी आतूनच खेकसले, "नाही! कालच संपलं!" उभी राहिले असते तर लंगडताना दिसले असते.

मुलाचा रोज संध्याकाळी फोन. "आई, बरी आहेस ना? कुठं धडपडली नाहीस ना?" मी म्हणायचे, "मला काय धाड भरलीय!"

पुढं पुन्हा त्याच पायरीवर, या वेळी उतरताना. मग एकदा मोरीत. मोरीतलं लागलं ते बरगडीला, आठवडाभर हसताही येत नव्हतं. पण पायरीचं काहीतरी करायला हवं होतं. मग मी शक्कल लढवली. बसायचा लाकडी पाट घेतला आणि पायरीच्या अलीकडे, वरच्या खोलीत, कडेला लावून ठेवला. चालताना अंगठा पाटाला टेकला की थांबायचं. पुढं पायरी. पाटाला वळसा घालून भिंतीला हात धरायचा आणि उतरायचं. एकदम झकास चाललं. दोन महिने पायरीवर एकदासुद्धा चुकले नाही. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. पण सांगायचं तर आधी पडले होते तेही सांगावं लागणार. म्हणून गप्प बसले. पाणी यायच्या दिवशी तेवढा आठवणीनं पाट उचलून कॉटखाली ठेवायचे.

मग एकदा पाणी ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आलं. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं, पाणी आलं!" आणि अक्का घागर घेऊन धावली. मी आपली सवयीनं पाय वर घेऊन कॉटवर बसले. पाय हलतोय, मन तिसरीकडेच. पिंप भरलं. मग अक्का भरलेली घागर कमरेवर घेऊन आत आली. कमरेवर घागर असली की डोळे कितीही चांगले असोत, माणसाला आपली पावलं दिसत नाहीत. तेवढ्यापुरती ती माझ्यासारखीच.

तिची पावलं ऐकली. मग फरशीवर लाकूड खरडल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी मला पाट आठवला. तोंडातून शब्द फुटायच्या आत घागर आदळली. आधी घागर, मग अक्का.

मी कॉटवरून उडी टाकली. फरशीभर पाणी. रांगतच पायरीपाशी गेले, हात फिरवत, "अक्का, अक्का" करत. ती खालच्या अंगाला पडली होती, उजवा हात अंगाखाली. आणि ती बाई तशी पडलेली असताना मला काय म्हणाली? "वैनी, हलू नको तितंच. पाणी हाय. पडशील."

तिची सून धावत आली. "अत्तम्मा, कशा पडलात?" अक्का म्हणाली, "घागर हिंदळली, पाणी सांडलं, पाय सरकला." मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं आणि मिटलं. पाट म्हणजे पायरी, पायरी म्हणजे पडणं, पडणं म्हणजे पुणं. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात झालं, याची मला आजही लाज वाटते. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर.

दुपारी मी पाट शोधला. ओट्याखाली, पार भिंतीला टेकलेला सापडला. लाथ लागून पाट तिथवर जात नाही. तो कुणीतरी पायानं आत ढकलला होता, आणि पडल्यावर मी पोचेपर्यंत तिथं अक्काशिवाय कुणी नव्हतं.

संध्याकाळी मुलाचा फोन. "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "बरी आहे. अक्का पडली." "कशी?" "पाण्यावरून घसरली." झालं. मीही तेच बोलले.

दोन दिवस मला घरात बसवेना. दारापासून कॉट, कॉटपासून दार. भिंतीपलीकडे एरवी दिवसभर अक्काची कात्री पानावर चालायची, तिचा कचकच आवाज यायचा. तो बंद. स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. डोळे अधू आहेत बये तुझे, जीभ तर धड आहे ना?

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंत धरून तिच्याकडे गेले. ती गळ्यात हात अडकवून बसलेली, सूप खुंटीला. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "अक्का, पाट मी ठेवला होता तिथं."

"मग काय उंदरानं ठेवला?" ती म्हणाली.

"पायरी कळावी म्हणून."

"कळलं की मला. अंगठ्याला लागला तवाच कळलं, कशाला ठिवलाय."

"मग तू सगळ्यांना पाण्याचं का सांगितलंस?"

"पाट सांगितला असता तर तुजा पोरगा आला असता की बॅग घिऊन." आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "वैनीला चहा टाक."

मी चहा न घेता परत आले. ढसाढसा रडले. मग तोंड धुतलं, आणि मुलाला फोन लावला. संध्याकाळची वाट बघितली असती तर माझा धीर सुटला असता. म्हटलं, "मी पडले होते. घरात, तीनदा. तुझ्यापासून लपवलं. आणि अक्काचा हात माझ्यामुळं मोडलाय." सगळं सांगितलं, पाटासकट. मग तो म्हणाला, "शनिवारी येतोय. सामान काढून ठेव."

मी काहीही काढून ठेवलं नाही. तो आला, जेवला, आणि माळ्यावरची मोठी बॅग काढून कॉटवर ठेवली. मी समोर बसून पाय हलवत राहिले. भांडायचं ठरवलं होतं, वाक्यंसुद्धा तयार होती. पण कुठल्या तोंडानं भांडणार? त्यानं माझ्या चार साड्या घड्या घालून बॅगेत ठेवल्या. माझ्यापेक्षा नीट घड्या घालतो.

आणि दारात अक्का. गळ्यात हात, डाव्या हातात वाटी. "वैनी, विरजण हाय का?"

"अक्का, आत्ता?" मुलगा वैतागला. मग स्वतःलाच आवरून म्हणाला, "या, बसा. तुमचा हात हिच्यामुळं मोडला. आता तुम्हीच सांगा हिला. तीन-तीन वेळा पडलीय घरात."

"पाच," अक्का म्हणाली.

"तीन!" मी ओरडले.

"पाच. च्याचा कप फुटला ती एक. मग पायरीवर दुसरी. मोरीतली तिसरी, तवा लई जोरात पडलीस, भित हालली. मग कॉटपाशी एक."

"कॉटपाशी मी बसले होते. ते पडणं नव्हे!"

"बसताना आई गं म्हनत न्हाय कुनी. आन् नळाच्या खड्ड्यापाशी एक. पाच." तिनं डाव्या हाताची बोटं वाटीवर वाजवत मोजली. "च्याच्या दिशी मी विरजण मागितलं, तू वरडलीस. पायरीच्या दिशी मिरच्या. मोरीच्या दिशी काडेपेटी."

मला आधी काही कळेचना. मग एकेक दिवस आठवायला लागला. गुडघा धरून बसलेली मी, आणि दारात वाटी. बरगडी दाबून उभी मी, आणि दारात "काडेपेटी हाय का?" तिच्या घरी विरजण कधी संपलंच नव्हतं. मी तिला चिक्कट म्हणाले होते, माझ्या भावजयीजवळ तिची नक्कल केली होती.

मुलगा बॅगेपाशी तसाच उभा. म्हणाला, "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. मग मला एक फोन का नाही केलात, अक्का? नंबर आहे तुमच्याकडे."

"उठत हुती की," अक्का म्हणाली. "दर बारीला येऊन बघितलं, उठली हुती. उठली नसती तर केला असता."

तो कॉटवर बसला, त्या साड्यांच्या शेजारी. मला त्याचा चेहरा बघायचा होता, म्हणून मी मान फिरवून फिरवून तो माझ्या वाटीत आणला. रडत होता. पुण्याहून रोज फोन करून जे त्याला कळलं नव्हतं, ते या बाईला भिंतीतून कळत होतं. आणि ते कळू नये म्हणून मीच रोज खोटं बोलत होते.

दुपारी तो बाहेर गेला आणि पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आला. पायरीच्या कडेला चार बोटं रुंद पट्टा ओढला, नळाच्या खड्ड्याभोवती ओढला, मोरीच्या कठड्यालाही. अर्धा रंग त्याच्या पँटला. काळ्या फरशीवर ते पिवळं मला कॉटवरून दिसलं. इतकी साधी गोष्ट, पण पडले हे सांगितल्याशिवाय ती कुणाला सुचणार कशी? पाट मी ओट्याखालीच राहू दिला. रात्रीच्या गाडीनं जाताना तो म्हणाला, "पडलीस की पहिला फोन मला. उठलीस तरी. एकदा जरी लपवलंस तर बॅग माळ्यावर आहे." अक्का पडली त्या दिवसापासून पाणी भरायला अक्काची सून येते. अक्का दारात बसून सुनेच्या चुका काढते.

परवा मी पडले. पायपाच्या वेटोळ्यात पाय अडकला, गुडघ्यावर आले. काही लागलं नाही. दोन मिनिटं फरशीवर बसून राहिले. मनात आलंच, कशाला सांगायचं एवढ्याशासाठी? मग कॉट धरून उठले आणि फोन लावला. तो ऑफिसात होता. म्हटलं, "पडले. गुडघ्यावर. उठले."

"लागलं का?"

"नाही."

"नक्की?"

नक्की म्हणणार तोच दारात सावली. प्लास्टर निघालंय, हात वाळून काडी झालाय, पण वाटी आता पुन्हा उजव्या हातात.

"विरजण हाय का गं?"

"उठलेय मी, अक्का."

"दिसतंय की," ती म्हणाली, आणि वाटी पुढं धरून तशीच उभी राहिली. मग मी फोन कॉटवर ठेवला, सात पावलं मोजली, पिवळा पट्टा उतरले आणि तिला चमचाभर दही आणून दिलं.